कॅज्युअल्टीच्या दारातली मिनिटं

पावसाळ्यातली रात्र होती. जांबोटीकडच्या एका वाडीतून ट्रॅक्समध्ये घालून एका माणसाला आणलं होतं. पायाला लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली, अंगावर शेतातला चिखल तसाच. त्याचा भाऊ काउंटरवर सांगत होता, “पान लागलंय ओ ह्याला, जरा लवकर बघा की.”

आमच्याकडे रात्रीच्या वेळी साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. खानापूर भागातल्या कुठल्याही आजीला विचारा. पण काउंटरवरचा मुलगा आणि नवा इंटर्न, दोघेही दक्षिण कर्नाटकातले. त्यांच्या कानावर ‘पान’ एवढाच शब्द पडला. पान-तंबाखू खाऊन गरगरतंय असं समजून त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि भावाला केसपेपरच्या रांगेत उभं केलं. मी आत झटके येणाऱ्या एका लेकराजवळ होते. बाहेर आले तेव्हा पाय गुडघ्याच्या वर सुजला होता आणि तो थुंकत होता त्यात रक्त होतं. घोणस चावल्याची ही खूण आम्हा सगळ्यांना पाठ असते. रक्त गोठतंय का ते बघायला काचेची नळी मागितली, तर नळ्या लॅबमध्ये, आणि लॅबच्या कपाटाची किल्ली जेवायला गेलेल्या टेक्निशियनच्या खिशात.

तो माणूस वाचला. पण मूत्रपिंडांवर परिणाम होऊन त्याला बरेच दिवस डायलिसिसवर काढावे लागले. आपल्याकडे गेलेल्या वेळेमुळेच तसं झालं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तो घरून निघाला तेव्हाच खूप वेळ गेला होता. पण आमच्या दारात गेलेली मिनिटं आमची होती आणि ती वाचवता आली असती, हे मला आजही खुपतं.

दुसऱ्या दिवशी इंटर्नला मेमो मिळाला. काउंटरवरच्या मुलाला बोलावून झापण्यात आलं. महिन्याभरात तो इंटर्न दुसऱ्या विभागात गेला, नवीन आला, आणि त्यालाही ‘पान लागणं’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. काचेच्या नळ्या लॅबच्या कपाटातच राहिल्या.

बेळगावच्या आसपासच्या रुग्णालयांत मी बावीस वर्षं कॅज्युअल्टीत नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची काही इन्चार्ज म्हणून. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. तातडीच्या विभागातली सेवा मेमोने सुधारत नाही, नव्या यंत्राने एकट्याने सुधारत नाही, आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात भिंतींना रंग दिल्याने तर नाहीच नाही. तिथे उभं राहून काम करणाऱ्या माणसांनी एक अडचण पकडावी, ती मिनिटांत मोजावी, एक छोटा बदल करून बघावा आणि परत मोजावं. याला गुणवत्ता सुधारणा प्रकल्प म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे. आणि आपल्या सीमाभागात या मोजणीत भाषा आणि हद्द या दोन गोष्टी धरल्या नाहीत, तर ती मोजणी अपुरीच राहणार.

या पद्धतीचा जन्म दवाखान्यात झालेला नाही. अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या कारखाना-कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली उत्पादनातले चढउतार आलेखावर मांडून बघायला सुरुवात केली. त्यांचा विचार एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने पुढे नेला, जपानच्या कारखान्यांत तो रुजला आणि तिथून फिरत फिरत आरोग्यसेवेत आला. सगळा सांगाडा तीन प्रश्नांवर उभा आहे. आपल्याला नेमकं काय साधायचंय? झालेला बदल ही सुधारणा आहे हे कळणार कशावरून? आणि असं काय बदलून बघता येईल ज्याने फरक पडेल? मग ठरवा, करा, तपासा, पुढचं पाऊल टाका, आणि परत पहिल्यापासून.

छातीत दुखणाऱ्या माणसाचं घ्या. तो दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत त्याचा ईसीजी निघून डॉक्टरांच्या डोळ्यांखाली जायला हवा, असं जगभरचे नियम सांगतात. आमच्याकडे ईसीजीचं यंत्र होतं, काढायला येत होतं, तरी उशीर व्हायचा. कुठे? कोणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे नर्स लावत नाहीत, नर्स म्हणायच्या वॉर्डबॉय यंत्र आणत नाही, वॉर्डबॉय म्हणायचा मला कोणी हाक मारली नाही. शेवटी आम्ही एका रुग्णाच्या मागोमाग वही घेऊन चाललो. गेट, काउंटर, पावती, बाक, डॉक्टर, चिठ्ठी, यंत्र. प्रत्येक ठिकाणी भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लिहिली. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी उघड्या पडल्या. काउंटरवरचं घड्याळ आतल्या घड्याळाच्या पुढे होतं, म्हणजे आजवर आमच्या रजिस्टरात लिहिलेली निम्मी मिनिटं खोटीच होती. आणि सर्वांत जास्त वेळ केसपेपरच्या रांगेत जात होता, कारण पेपरवर नंबर पडल्याशिवाय ईसीजी काढायचा नाही अशी एक न लिहिलेली रीत होती. ही रीत कोणी घातली ते कोणालाच आठवत नव्हतं.

मग एका शिफ्टमध्ये, एकाच रुग्णावर, उलट करून पाहिलं. आधी ईसीजी, मागून पेपर. पट्टीवर नाव आणि वेळ पेनाने लिहिली. जमलं. दुसऱ्या दिवशी दोघांवर. तिसऱ्या दिवशी अडलं, कारण रात्री कागदाचा रोल संपला आणि नवीन रोल स्टोअरच्या कुलपात. म्हणून रोल, जेल आणि दाढी करायचं एक ब्लेड यंत्राच्याच खाली डब्यात ठेवायचं ठरलं. रोज सकाळी आया तो डबा बघून भरून ठेवू लागली. त्या डब्याचं श्रेय मी आजही तिला देते, कारण ती कल्पना तिची होती आणि बैठकीत तिला कोणी बोलावलेलं नव्हतं.

कपाटाच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला. प्रत्येक रुग्णासाठी एक ठिपका: दारापासून ईसीजीपर्यंतची मिनिटं. मधोमध एक रेघ, सगळे ठिपके चढत्या क्रमाने लावल्यावर जो मधला येतो त्याची. ठिपके रेघेच्या वर-खाली होत राहतात, ते व्हायचंच. पण ओळीने सहा किंवा त्याहून जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले, तर तो निव्वळ योगायोग मानत नाहीत, काहीतरी खरंच बदललंय असं समजतात. आम्ही सरासरी काढत नव्हतो. सरासरी फसवते: नऊ जणांचा ईसीजी पाच मिनिटांत निघाला आणि दहावी बाई पाऊण तास बाकावर बसून राहिली, तर सरासरी नऊच मिनिटं येते. ती बाई त्या आकड्यात दिसत नाही.

आणि बहुतेक वेळा ती बाईच असते. बायकांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या आणि साखरेच्या रुग्णांच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. त्या म्हणतात, जीव घाबराघुबरा होतोय, दरदरून घाम सुटलाय, पाठीत भरून आलंय. हे मराठीत सांगितलं जातं आणि कन्नडमध्ये ‘एदे नोवु’, म्हणजे छातीतलं दुखणं, एवढंच शिकून आलेल्याच्या कानावरून निघून जातं. उलटही होतं. बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड बोलणारी म्हातारी मराठी नर्ससमोर येते तेव्हा तिचीही हीच गत. अर्धांगवायूच्या रुग्णाचे नातेवाईक सांगतात, “हातावरून वारं गेलंय.” मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. तो वेळ ‘वारं’ म्हणजे काय हे समजून घेण्यात घालवणं कोणालाच परवडणारं नाही.

इथे मला स्पष्ट बोलायचंय. सीमाप्रश्न मी लहानपणापासून बघत आलेय. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून तो आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि माझं मत काय ते माझ्या घरच्यांना माहीत आहे. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद आणि फलक मिळावेत, ही मागणी रास्तच आहे आणि ती चालू राहावी. पण कॅज्युअल्टीच्या दारातल्या भाषेचा प्रश्न त्या निकालाची वाट बघू शकत नाही. ती रुग्णाच्या सुरक्षेची बाब आहे, जशी ऑक्सिजनची नळी. काउंटरवर एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी, शेजारी हिंदी-उर्दू अशी वीस-पंचवीस शब्दांची पाटी लावली, तर कोणाच्या अस्मितेला धक्का लागतो? पान लागलं: हावु कच्चिदे. औषध पिलंय: विष घेतलंय. आमच्याकडे ‘औषध पिलं’ म्हणजे शेतातलं कीटकनाशक, दवाखान्यातलं औषध नव्हे. हेही बाहेरून आलेल्या डॉक्टरला पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. उसाच्या आणि तंबाखूच्या या मुलखात ती केस दर आठवड्याला येते. ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा उतारा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचं असतं, छातीतली घरघर थांबेपर्यंत. तिथे पहिली दहा मिनिटं “कसलं औषध घेतलं, कुठल्या डॉक्टरचं?” विचारण्यात गेली, तर ते मोजलं गेलं पाहिजे.

मोजणं बेळगावला नवीन नाही, ही गोष्ट आपल्याच लोकांना फारशी ठाऊक नसते याचं मला वाईट वाटतं. २००२ ते २००५ या काळात आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर त्यात होते. आरोग्य केंद्रातल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, बायकांनी साधारण निम्म्या जणींना बाळंतपणानंतर रक्तस्राव आवरणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. त्या न मिळालेल्यांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के होतं, मिळालेल्यांत ६.४ टक्के. २००६ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. रक्त किती गेलं हे नजरेच्या अंदाजाने ठरवायचं नाही, म्हणून त्यासाठी खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीच्या खाली धरत. नजर नेहमी कमी सांगते, पिशवी खरं सांगते. शिकलेल्या बाईच्या हातात मोजायचं साधन दिलं की काय होऊ शकतं, ते आपल्याच आरोग्य केंद्रांनी दाखवून दिलंय. मग कॅज्युअल्टीतल्या नर्सच्या हातात घड्याळ आणि आलेख द्यायला एवढी खळखळ का?

याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. २०१० साली कर्नाटकातल्या एका उपजिल्हा पातळीवरच्या प्रसूती केंद्रात जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची यादी वापरून पाहिली. २९ आवश्यक गोष्टींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, त्या २५ वर गेल्या. सगळ्यांना आनंद झाला. पुढे उत्तर प्रदेशात दीड लाखाहून जास्त बाळंतपणांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. शिकवणारे प्रशिक्षक असेपर्यंत कामाची रीत सुधारली, ते कमी होत गेले तशी ती घसरली, आणि आई-बाळांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. या निकालाचा अर्थ मी असा लावते की रीत सुधारणं पुरेसं नसतं. औषध, रक्त, पुढे पाठवायची सोय आणि हात यांच्याशिवाय नुसती यादी जीव वाचवत नाही. आणि बाहेरून आणून लावलेली सुधारणा बाहेरच्यांबरोबरच निघून जाते.

म्हणूनच हे प्रकल्प इंटर्न आणि शिकाऊ डॉक्टरांच्या गळ्यात मारू नयेत. ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागात तज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरांना असा प्रकल्प करावाच लागतो. शिकण्यासाठी ते चांगलं आहे. पण शिकाऊ डॉक्टर बदलून जातो, आणि त्याने सुरू केलेला तक्ता भिंतीवर पिवळा पडत राहतो. आपल्याकडचे इंटर्न तर काही आठवड्यांसाठी येतात. इन्चार्ज सिस्टर, फार्मसीतला माणूस, वॉर्डबॉय, आया, गेटवरचा वॉचमन ही माणसं वर्षानुवर्षं तिथेच असतात. प्रकल्प त्यांचा असला पाहिजे, डॉक्टरांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाने दिल्लीच्या एम्सबरोबर याच विचाराने सोप्या चार टप्प्यांची एक पद्धत तयार केली. समस्या शोधून टीम बांधायची, कारणं शोधून मोजमाप ठरवायचं, बदल करून तपासायचे, आणि टिकवायचे. तिला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

याच्या विरोधात मला नेहमी ऐकवलं जातं, “सिस्टर, आधी माणसं द्या म्हणावं, मग मोजू.” हे बोलणं खोटं नाही. एका नर्सच्या वाट्याला रात्री किती ट्रॉल्या येतात ते मी जगून आलेय. सरकारने जागा भरायलाच हव्यात, आणि सुधारणा प्रकल्प हे जागा न भरण्याचं निमित्त करू दिलं जाऊ नये. पण न मोजता आपण किती माणसं मागणार? “फार गर्दी असते” असं लिहिलेला अर्ज वरच्या टेबलावर पडून राहतो. रात्री दोन ते पाच या वेळेत ईसीजीला लागणारा वेळ दिवसापेक्षा कितीतरी जास्त आहे, असा तीन महिन्यांचा आलेख घेऊन गेलं की उत्तर द्यावं लागतं.

दुसरी भीती मला जास्त खरी वाटते. आकडा शिक्षेसाठी वापरला की माणसं आकडा सांभाळतात, रुग्ण नाही. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातला रुग्ण चार तासांत मार्गी लागलाच पाहिजे असं लक्ष्य ठरवलं, तेव्हा सुरुवातीला रांगा खरोखर कमी झाल्या. पण पुढे दिसलं की कितीतरी रुग्ण चौथा तास भरत येताना, शेवटच्या काही मिनिटांत एकदम वॉर्डात हलवले जात आहेत. आपल्याकडे हे व्हायला वेळ लागणार नाही. वेळेच्या रकान्यात पेन मागे सरकतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून पहिल्या दिवशीच सांगून टाकायला हवं की या कागदावरून कोणालाही मेमो निघणार नाही. आणि एक बदल करताना त्याने दुसरीकडे काय बिघडतंय तेही मोजायला हवं. ईसीजीच्या घाईत झटके येणारं लेकरू तर मागे राहत नाही ना?

आता हद्दीचं. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. कणकुंबीकडची माणसं चोर्ला घाटातून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरतात. रुग्ण जवळचं आणि परवडणारं दार बघतो, नकाशा बघत नाही. पण १०८ ची गाडी दोन्ही राज्यांची वेगवेगळी, योजना वेगवेगळ्या. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, तिकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन्हीकडे राजकारण पेटलं. या गोंधळात रुग्णाच्या हातात जी रेफरची चिठ्ठी असते ती वाचून बघा. ‘पुढील उपचारासाठी पाठवत आहे’. बस्स. सर्पविषावरच्या लसीच्या किती व्हायल (बाटल्या) दिल्या, किती वाजता, रक्त गोठण्याची तपासणी केली का, काही नाही. समोरचा डॉक्टर परत पहिल्यापासून सुरू करतो. या चिठ्ठीत पाच गोष्टी आणि त्यांच्या वेळा लिहिलेल्या आहेत का, एवढं मोजणं हाच सीमाभागातल्या प्रत्येक तालुका रुग्णालयाचा पहिला प्रकल्प व्हायला हरकत नाही. पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते विचारायला दुसऱ्या दिवशी एक फोन. तो फोन कोल्हापूरला लागो की बांबोळीला, त्याला दोन सरकारांच्या कराराची गरज नाही.

सर्पदंशापासून सुरुवात करायला आज कारणही आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. देशात वर्षाला साधारण ५८ हजार माणसं सापाने मरतात असा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने दिलाय. म्हणजे नोंद आता कायद्याने होणारच. ती नुसती वर पाठवायची की आपल्या दारातली मिनिटं कमी करायला वापरायची, एवढंच आपल्या हातात आहे.

मृग लागायच्या आधी, भाताच्या पेरण्या सुरू होण्याआधी, खानापूर तालुक्यातल्या आणि बेळगावातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत एवढं व्हावं. काउंटरवर कन्नड, मराठी आणि हिंदी-उर्दू शब्दांची पाटी. सर्पदंशाच्या ट्रेमध्ये कोरड्या, स्वच्छ काचेच्या चार नळ्या, आणि त्या काचेच्याच हव्यात, कारण प्लास्टिकच्या नळीत ही तपासणी चुकते, साबणाने धुतलेल्या नळीतही चुकते. दोन मिलिलिटर ताजं रक्त घालायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग हळूच कलती करून बघायची. रक्त ओघळलं तर लस. म्हणून ट्रेजवळच एक घड्याळ, आणि ते काउंटरच्या घड्याळाशी रोज सकाळी जुळवायचं. कपाटाच्या दारावर आलेखाचा कोरा कागद आणि सुतळीने बांधलेली पेन्सिल. ट्रेची किल्ली कोणाच्याही खिशात नको.